खाडीतील टकरीची चौकशी : निघण्यापूर्वीची तयारी

ठाण्याच्या खाडीत किंवा उल्हास नदीत दोन बोटी धडकल्याचा निरोप येताच आधी वेळ आणि तिथी लिहून ठेवावी, कारण कोलशेत ते गायमुख या पट्ट्यात पाणी साधारण सहा तासांनी उलटते आणि पुराव्याची जागाही त्याबरोबर हलते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, हा कोळीवाड्यातला हिशोब (अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा) अंदाजाला पुरतो. अहवालासाठी मात्र मुंबई बंदराचे छापील तक्ते सोबत घ्यावेत आणि खाडीत आत भरती उशिरा पोहोचते, हेही धरावे. पाणी पाठचे होते की समोरचे, हे कळेपर्यंत तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, दोषी धरू नये. पाठच्या पाण्यात इंजिन मंद केले तरी बोट ओढीने पुढे सरकत राहते, सुकाणू नीट लागत नाही आणि थांबायला अंतर जास्त लागते.

पिशवीत मोजपट्टी, खडू, कॅमेरा, खोली मोजायला वजन बांधलेली दोरी आणि रंगाच्या नमुन्यांसाठी कोऱ्या पिशव्या असाव्यात. बोट दुरुस्तीला चढवण्याआधी नाळेवरचे (बोटीच्या पुढच्या टोकावरचे) ओरखडे जवळून पाहावेत. त्यांची दिशा आणि गंजाच्या पापुद्र्यात रुतलेला दुसऱ्या बोटीचा रंग यांवरून धडकेचा कोन काढता येतो. कागदपत्रे, म्हणजे नोंदणी, तांडेलाचा परवाना आणि प्रवासीसंख्या, यांना फार वेळ लागत नाही. खलाशांचे जबाब त्याच दिवशी, वेगवेगळे घ्यावेत.

सुकाण्याच्या जागी स्वतः उभे राहून पुढचे किती दिसते ते पाहावे. माझ्या मते ही पायरी कधीही गाळू नये. २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे लंडनच्या थेम्स नदीत 'बोबेल' हे रेती काढणारे जहाज 'मार्शनेस' या सहलीच्या बोटीवर आदळून ५१ माणसे गेली, तेव्हा दोन्ही बोटींकडून नजर ठेवण्यात कसूर झाली होती आणि 'बोबेल'च्या सुकाणूघरातून समोरचे दृश्य यंत्रसामग्रीने अडलेले होते. आपल्याकडेही रेतीच्या बार्जवर हेच तपासावे. अरुंद जलमार्गात आपल्या उजव्या काठाने चालावे, हा समुद्रातील टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला नववा नियम कोणी मोडला, हे त्यानंतर पाहावे.

शेवटी तोच प्रवास तेवढ्याच वजनानिशी पुन्हा करावा. पाणी पंधरवड्याने, दुसऱ्या पक्षातल्या त्याच तिथीला, जवळपास जुळते; टक्कर रात्रीची असेल तर तेच चांदणे मिळायला पूर्ण महिना थांबावे लागते, म्हणून तारीख आधीच ठरवून बोट सांगून ठेवावी.