थंडीत सॉफ्टबॉल खेळताना या चुका टाळा

नागपूरच्या हिवाळ्यात दुपारी अंगावरचा स्वेटर नकोसा होतो आणि सकाळी साडेसहाला मैदानावर मात्र बोटे वळत नाहीत. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. एवढा कडाका दरवर्षी पडत नाही; पण डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास येणे आपल्याकडे नेहमीचेच आहे. मुलामुलींचा सकाळचा सराव घेताना मला ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच आहे. थंडी धावताना लागत नाही, थांबल्यावर लागते. आणि सॉफ्टबॉलमध्ये थांबणे फार असते.

सात इनिंगच्या सामन्यात राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाजूला दूर, उभ्या असलेल्या खेळाडूकडे दोन-दोन इनिंग चेंडू येत नाही, आणि येतो तेव्हा त्याला जागच्या जागेवरून एकदम पूर्ण वेगाने धावावे लागते. मागच्या हिवाळ्यात आमच्या सरावात एक मुलगी ग्लोव्ह गुडघ्यांत दाबून आणि दोन्ही हात काखेत घालून उभी होती. उंच उडालेला चेंडू पाहून ती धावली आणि चौथ्या पावलाला मांडीचा मागचा भाग धरून खाली बसली. तिने वॉर्म-अप चुकवला नव्हता, पण तो होऊन अर्धा तास उलटला होता. वॉर्म-अपने स्नायूंत आलेली ऊब स्वस्थ उभे राहिल्यास किंवा बसल्यास पंधरा-वीस मिनिटांत बरीचशी ओसरते, ही गोष्ट त्या दिवशी मीच ध्यानात घ्यायला हवी होती. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या बाहेरच्या भागातील क्षेत्ररक्षक, प्रत्येक पिचच्या (फलंदाजाकडे चेंडू टाकण्याच्या) आधी दोन पावले हलतो, दोन इनिंगच्या मधल्या वेळेत बाहेरच्या तिघांची आपसांत थ्रोची देवाणघेवाण होते, आणि फलंदाजी करणाऱ्या संघातील पुढच्या तीन खेळाडूंपैकी कोणीही सिमेंटच्या गार पायरीवर बसत नाही.

दुसरी चूक घरून निघतानाच होते. पहाटेच्या गारठ्यात हातमोजे न घालता मानकापूर किंवा रविनगरच्या मैदानापर्यंत दुचाकीने आलेल्या खेळाडूची बोटे वाऱ्याने बधिर झालेली असतात आणि खांदे आखडलेले असतात. अशा अवस्थेत गाडी उभी करताच लांबचे थ्रो सुरू केले, तर खांदा आणि कोपर दुखावण्याची भीती असते. आधी पाच-सात मिनिटे हळू धावावे, मग गुडघे उचलणे, हात गोल फिरवणे, कंबर वळवणे असे हालते व्यायाम करावेत, आणि त्यानंतरच जवळच्या अंतरावरून थ्रोला सुरुवात करून अंतर वाढवत न्यावे. गार स्नायू एकाच जागी ताणून धरण्याचे व्यायाम सरावानंतर केलेले बरे.

शेकोटीभोवती उभे राहणे किंवा मांड्यांना बाम चोळणे म्हणजे वॉर्म-अप नव्हे. दोन्हींमुळे कातडीला ऊब वाटते, पण आतला स्नायू हालचालीशिवाय तयार होत नाही.

कपड्यांच्या बाबतीत सर्वाधिक घात करते ती सुती बनियन. घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही, अंगाला चिकटून राहते आणि थांबताच पाठ गार पाडते. म्हणून आतून घाम बाहेर टाकणारा अंगाबरोबरचा टी-शर्ट, त्यावर संघाची जर्सी आणि बाहेर बसताना चटकन चढवता-उतरवता येईल असे जॅकेट, अशी रचना सोयीची पडते. एकच जाड स्वेटर घालून खेळू नये, कारण त्यात खांदा मोकळा फिरत नाही. हेल्मेटखाली जाड कानटोपीही नको. तिच्यामुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. कान झाकण्यासाठी पातळ पट्टी पुरते.

हातांची काळजी वेगळी घ्यावी लागते. पिचरला चेंडू टाकणाऱ्या हातात ग्लोव्ह घालता येत नाही. त्यामुळे तिने दोन इनिंगच्या मध्ये तो हात जॅकेटच्या खिशात ठेवावा. गवतावरच्या दवाने चेंडू ओला होतो आणि गार बोटांतून निसटतो, म्हणून कोरडा टॉवेल जवळ असू द्यावा. थंडीत चेंडू कडक होतो. तो बॅटच्या मुठीजवळ लागला की तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या जातात. बॅटिंग ग्लोव्हने हा त्रास कमी होतो. कॉम्पोझिट बॅट (कार्बन फायबरसारख्या मिश्र साहित्याची) तर अशा सकाळी वापरूच नये. साधारण १५ अंशांखालच्या थंडीत तिला तडे जाण्याचा धोका असतो, आणि ज्या पालकांनी पैसे साठवून ती घेऊन दिली त्यांना हा फटका परवडणारा नसतो. ऊन वर येईपर्यंत ॲल्युमिनियमची बॅट वापरावी.

थंडीत तहान जाणवत नाही, तरी पाणी प्यावेच. थर्मासमध्ये कोमट पाणी नेले तर ते प्यायले जाते. ज्यांना दमा आहे त्यांना कोरड्या गार हवेत धावताना धाप लागू शकते. त्यांनी डॉक्टरांनी दिलेला इनहेलर घरी न ठेवता किटबॅगमध्ये ठेवावा आणि तो कोणत्या कप्प्यात आहे हे प्रशिक्षकाला सांगून ठेवावे.

सराव संपल्यावर ओल्या कपड्यांवर तसेच जॅकेट चढवून दुचाकीवर बसणे ही शेवटची, आणि सर्वांत सहज होणारी चूक. किटबॅगेत एक कोरडा टी-शर्ट आणि मोज्यांचा जोड ठेवावा आणि ते बदलल्यावरच गाडीला किक मारावी.