भंडारदऱ्याला जाताना: आधी जेवण सांगा, मग डोंगर चढा

भंडारदऱ्याला येणारे बरेच जण धरण बघतात, रंधा धबधब्यापाशी फोटो काढतात आणि संध्याकाळी परतीला लागतात. तसं करू नका. अकोले तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यात महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई आहे, दोन कड्यांच्या मधून चालत जावी अशी सांदण दरी आहे आणि चुलीवरची नाचणीची भाकरी आहे. या तिन्हींसाठी दोन रात्री हाताशी ठेवा. इथली सहल चढामुळे फारशी फसत नाही. फसते ती जेवणाचं आधी न सांगितल्यामुळे.

ऋतू ठरवा

काय बघायचंय त्यावर महिना ठरतो. मे संपता संपता, पाऊस तोंडावर आला की काजवे चमकायला लागतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते एका लयीत लुकलुकतात, अख्खं झाड पेटतं आणि विझतं. नर काजवे मादीला बोलावतात ते याच उजेडाने. म्हणून तिथे गाडीचे दिवे, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश काही लावू नका. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन खात्याच्या नाक्यावर जी वेळ सांगतील ती पाळा.

जुलै-ऑगस्ट धबधब्यांचा. घाटघरला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात ते उगाच नाही. पण या दिवसांत सांदण विसरा. घळीत वरून पाणी लोटतं. मला विचाराल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत जा. पाऊस गेलेला, सुरुवातीला पठारावर सोनकीची पिवळी फुलं, भाताची कापणी, आणि घरात नवा तांदूळ.

पोहोचा आणि शेंडीत उतरा

मुंबईकडून कसारा, इगतपुरी, घोटी आणि तिथून एसटी किंवा जीप. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर. मुक्काम शेंडीत करा. धरणाच्या शेजारचं हेच दुकानांचं गाव. एमटीडीसीचं निवासस्थान आहे, घरगुती सोयही होते. पुढे रतनवाडी, साम्रदकडे मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून रोख पैसे जवळ ठेवा आणि फोन शेंडीतूनच उरकून घ्या.

पहिली संध्याकाळ धरणावर घालवा. प्रवरेवरच्या या दगडी धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 1926 मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन धरण.

जेवण सांगून ठेवा

ही पायरी चुकवू नका. बारी, रतनवाडी, साम्रद या गावांत घराघरांत जेवण मिळतं, पण ते हॉटेल नव्हे. भाकरीचं पीठ, भाजी, लाकूड सगळं माणसं मोजून काढलेलं असतं. चढायच्या आधी घरातल्या मावशींना तीन गोष्टी सांगा: माणसं किती, साधारण किती वाजता उतरणार, आणि शाकाहारी की कोंबडी.

एकदा आम्ही सहाजण न सांगता दुपारी दोनला बारीत उतरलो. ज्या घरी गेलो तिथली जेवणं झाली होती, चूल विझली होती. तरी त्या मावशींनी ‘बसा’ म्हणून पुन्हा लाकडं लावली. आम्ही चारला जेवलो आणि त्यांची दुपारची विश्रांती गेली. तेव्हापासून मी चढायच्या आधी त्यांच्या दारात थांबतो.

शक्य असेल तर भाकरी होताना बघा. नाचणीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळतात. गोळा तळव्याने रेटून मऊ करतात, मग परातीत थापतात. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी सुकत आलं की उलटतात. शेवटी तवा बाजूला करून भाकरी निखाऱ्यांपाशी उभी धरतात आणि ती टम्म फुगते. सोबत पिठलं, लसणीचा ठेचा, इंद्रायणीचा किंवा गावरान तांदळाचा भात. पावसाळ्यात गेलात तर ‘रानभाजी आहे का?’ असं विचारा: भारंगी, कुर्डू, टाकळा, जे त्या दिवशी आणलं असेल ते. पनीर मागू नका. मे महिन्यात करवंदं-जांभळं विकायला बसलेली मुलं दिसली की थांबा आणि घासाघीस न करता घ्या.

कळसूबाई: पहाटे निघा

1646 मीटर उंची, वाट बारी गावातून. सवय नसेल तर चढायला तीन-साडेतीन तास धरा. पहाटे पाचला निघालात तर ऊन चढायच्या आत वर पोहोचता, आणि शनिवार-रविवारची गर्दी मागे राहते. माणशी दोन लिटर पाणी घ्या.

कड्यावर लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले हवेत, मगच चौथा उचलायचा. वरून कुणी उतरत असेल तर खालीच थांबा. मधे अडकलात तर दोघांचीही पंचाईत होते. मोबाइल खिशात, काठी पाठीला. पावसात लोखंड बुळबुळीत होतं, म्हणून बुटाच्या टाचेपुढचा खाचेचा भाग पायरीत बसवून मगच भार टाका.

माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आहे. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला होती, झाडलोट आणि भांडी करणार नाही ही तिची अट होती, ती मोडली गेली म्हणून ती डोंगरावर निघून आली, असं गावात सांगतात. नवरात्रात इथे यात्रा भरते. देवळाच्या पायरीवर बसून अलंग, मदन, कुलंग हे किल्ले नीट ओळखून घ्या. आणि उतरताना घाई करू नका, गुडघे उतरतानाच दुखावतात.

दुसऱ्या दिवशी सांदण किंवा रतनगड, दोन्ही नको

सांदणसाठी साम्रदला जा आणि गावातला वाटाड्या घ्या. घळ दोनशे फुटांच्या आसपास खोल, काही जागी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील इतकी अरुंद. वाटेत पाण्याचे डोह लागतात. भिजायची तयारी ठेवा, जाड तळव्याचे बूट घाला. दोराशिवाय जितकं जाता येतं तितकंच जाऊन मागे फिरा. पुढचे टप्पे कोकणात उतरतात, तिथे रॅपलिंगचं, म्हणजे दोराने कडा उतरायचं साहित्य आणि जाणकार माणूस लागतो. ढग दिसले तर घळीत पाऊलच टाकू नका.

सोबत वडीलधारी किंवा लहान मुलं असतील तर रतनवाडीच बरी. अमृतेश्वराचं दगडी मंदिर सावकाश बघा, खांबांवरचं कोरीव काम तासभर तरी मागतं. ज्यांना जमेल त्यांनी जंगलातून रतनगडावर जावं आणि माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे खडकातल्या आरपार भोकात बसून वारा खावा.

परतताना तांदूळ घ्या

बीजमाता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. गावरान बियाण्यांच्या कामासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे जेवलात त्या घरी काळभात किंवा जीरवेल हा गावरान तांदूळ मिळेल का, असं जरूर विचारा. घरचा वापरून उरलेला असेल तरच देतील. दोन-चार किलो पुरे, आणि सांगतील तो भाव द्या. घरी नेल्यावर अर्धा तास भिजवून पातेल्यात, थोडं जास्त पाणी घालून मंद आचेवर शिजवा. पहिल्या दिवशी सोबत नुसतं वरण आणि तूप.