मृगाआधी पिकअपचं छप्पर ठरवताना

मे संपत आला की ताडपत्रीच्या दुकानापुढे पिकअप उभ्या राहायला लागतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते, "हौद्याला बसेल अशी द्या." दुकानात शिरण्याआधी घरी वही घेऊन बसा आणि पुढचे चार महिने या गाडीतून काय काय जाणार आहे ते लिहून काढा. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या, येताना खताची पोती किंवा पशुखाद्य. छप्पर गाडीच्या मापाचं घ्यायचं, पण निवडायचं ते मालाकडे बघून.

हे मी सांगतो त्याला कारण आहे. एका पावसाळ्यात आम्ही कोथिंबिरीच्या जुड्या जाड ताडपत्रीखाली चारी बाजूंनी आवळून माळशेज घाटातून वाशीच्या बाजारात नेल्या. आत पाण्याचा थेंब गेला नव्हता. फाळका उघडला तेव्हा मात्र आतून वाफ आली, मधल्या जुड्या हाताला गरम लागत होत्या आणि पानं पिवळी पडू लागली होती. तोडलेली भाजीसुद्धा श्वास घेत असते, त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते, आणि तिला वाट मिळाली नाही तर माल आतल्या आत शिजतो. कांद्याचंही तसंच, त्याला वारा हवाच. खत आणि पशुखाद्याला नेमकं उलटं, तिथे जराही दमट हवा नको. म्हणून यादीत प्रत्येक मालापुढे 'वारा हवा' किंवा 'वारा नको' असं लिहा. दोन्ही माल नेत असाल तर बाजू गुंडाळून वर बांधता येतील असंच छप्पर घ्या आणि गुंडाळी धरायला पट्टे आधीच शिवून घ्या. पाऊस थांबला की बाजू वर करायच्या, मागच्या बाजूला वितभर फट ठेवायची.

आता पत्र्याच्या बंद हूडबद्दल. दिसायला भक्कम, कुलूप लागतं, कुरिअर किंवा किराणा मालाला उत्तमच. शेतमालाला घेण्याआधी वजनाचा हिशोब करा. साडेपाच फूट रुंद, ९ फूट लांब आणि फाळक्याच्या वर ५ फूट उंच हूड धरला तर सुमारे १९५ चौरस फूट पत्रा लागतो. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस फुटाला पाऊण किलोला थोडा कमी भरतो, म्हणजे नुसत्या पत्र्याचेच १४० किलो झाले. चौकोनी पाइपचा सांगाडा धरला की २०० किलोच्या घरात. २० किलोची दहा क्रेट प्रत्येक खेपेला कमी न्यायची, किंवा तेवढं वजन जास्त घालून निघायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तरी २०,००० आहेतच. शिवाय कायमचा हूड म्हणजे गाडीच्या बॉडीत बदल. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ आरसी बुकावरच्या नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं, म्हणून वेल्डिंगची ठिणगी उडण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. व्यावसायिक गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं, तेव्हा हा प्रश्न टळत नाही. ताडपत्री अंथरायला हौद्यावर काढता येणाऱ्या पाइपच्या कमानी लावणार असाल तरी एकदा विचारून घेतलेलं बरं.

(हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारखी मोटारीच्या धाटणीची पिकअप असेल आणि हौद्यात फक्त अवजारं, बॅगा ठेवायच्या असतील तर हौद्याच्या काठाला बसणारं सपाट, गुंडाळतं झाकण पुरतं. क्रेटचे थर लावणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.)

भाजीपाल्याच्या गाडीला माझ्या मते कमानी आणि ताडपत्री हेच सर्वांत चांगलं. कमानी माथ्यावर गोल किंवा टोकदार हव्यात, सपाट नकोत, आणि त्यांच्या मधोमध गाडीच्या लांबीभर एक आडवा पाइप हवाच. दोन कमानींत दोन फूट अंतर आणि रुंदी साडेपाच फूट असताना तिथे ताडपत्री खाली झोळली आणि इंचभर पाणी साचलं, तर त्या एका झोळीत २५ किलोच्या आसपास पाणी असतं. ते हिसक्यासरशी पुढे-मागे होतं, शिवण उसवतं आणि थेट क्रेटवर ओततं. कमानीचं प्रत्येक टोक, बोल्ट आणि वेल्डिंगची गाठ हाताने चाचपून बघा. बोट अडकतं तिथे ताडपत्री फाटणार. टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्या जागी गुंडाळा.

कापड घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. घरी कांदा झाकायला लागते ती हलकी प्लॅस्टिक ताडपत्री घाटातल्या वाऱ्यात एक हंगामही काढत नाही. विणलेली एचडीपीई (चिवट प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची) घेणार असाल तर २५० च्या आसपासची घ्या, परवडत असेल तर पीव्हीसीचा लेप असलेली ५०० ते ६०० ची. जाड सुती कॅनव्हास वारा खेळू देतो, पण भिजला की फार जड होतो आणि ओला घडी घातला तर कुजतो. दुकानदाराचा शब्द पडताळायचा सोपा मार्ग म्हणजे काटा. १६ बाय २० फूट ताडपत्री जर २५० जीएसएमची असेल तर तिचं वजन साडेसात किलोच्या आसपास भरलं पाहिजे. पाच भरली तर ती २५० ची नाही. माप कमानी बसवून झाल्यावरच घ्या, दोर टाकून, एका बाजूच्या फाळक्याच्या खाली एक फूट ते दुसऱ्या बाजूच्या खाली एक फूट. कडा दुमडून शिवल्यावर कापड काही इंच कमी भरतं, म्हणून तयार ताडपत्रीला स्वतः टेप लावा. रंग फिकट किंवा चंदेरी घ्या. काळी उघडिपीच्या उन्हात तापते.

बांधण्याची तयारी खरेदीइतकीच महत्त्वाची. ताडपत्री पावसापेक्षा फडफडीने जास्त मरते. पुढची बाजू केबिनला चिकटून ताणलेली हवी आणि कोपऱ्याच्या घड्या अशा घाला की त्यांचं तोंड मागे राहील, वारा आत शिरणार नाही. दोन तुकडे वापरत असाल तर पुढचा तुकडा मागच्याच्या वर यायला हवा. नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो, म्हणून आळेफाट्याहून निघालात तर ओतूरला थांबून सगळ्या गाठी पुन्हा आवळा. पुढे घाटात थांबून हे करायला लागू नये.

मागची बाजू खाली सोडल्यावर दहा पावलं मागे जाऊन गाडीकडे बघा. मागचे दिवे, नंबर प्लेट आणि चमकणाऱ्या पट्ट्या पूर्ण दिसल्या पाहिजेत. कमानींसह गाडीची उंची मोजून केबिनमध्ये डोळ्यांसमोर चिकटवा, पंपाच्या छताखाली किंवा रस्त्यावरच्या उंची अडवणाऱ्या आडव्या दांड्यापाशी अंदाज चुकतो. आणि छप्पर झालं म्हणून त्याखाली माणसं बसवू नका. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं बेकायदा आहेच, शिवाय मागून उघड्या छपराखाली सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो.

पहिल्या खेपेआधी रिकाम्या हौद्यात जुनी वर्तमानपत्रं पसरा, छप्पर बांधा आणि विहिरीच्या मोटरचा पाइप समोरून आणि बाजूने दहा मिनिटं धरा. जो कागद भिजेल त्याच्या बरोबर वर खडूने खूण करून तिथेच दुरुस्ती करा. मग सीटमागे दाभण, सुतळी, एक वाव जादा दोर आणि त्याच ताडपत्रीचा हातभर तुकडा ठेवून द्या.