या चुका टाळा: आकडे माझ्याकडे येण्याआधीच कुठे नासतात

मार्च लागला की माझ्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन पोरं येऊन बसतात. कोणाचा प्रबंध क्षयरुग्णांच्या आहारावर, कोणाचा कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, मुलांच्या वाचनावर, तर कोणाचा टिनाच्या छपरांवरच्या वाऱ्यावर. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे विषय कोणताही असो, वाक्य एकच ऐकायला मिळतं: "सर, फक्त टेस्ट लावून द्या." म्हणजे डाळ शिजलेलीच आहे, फोडणी तेवढी घालायची राहिली! टेस्ट लावायला दहा मिनिटं लागतात. पण गेली बावीस वर्षं बघतोय, दहातल्या सात जणांची डाळ आधीच करपलेली असते.

सांबार

ही चूक मी आयुष्यभर विसरणार नाही. एका मुलीने क्षयरुग्णांचा 'मागच्या चोवीस तासांत काय खाल्लं' हा तक्ता भरून आणला. काम चोख होतं. घरोघरी फिरली होती, वाट्या मोजल्या होत्या. निष्कर्षही तयार होता: रुग्णांना प्रथिनं पुरेशी मिळतात. वाचून मी चष्मा पुसला. रुग्णांची वजनं चाळीस-पंचेचाळीस किलो आणि प्रथिनं पुरेशी?

तक्ता खाली सरकवत गेलो. जवळपास प्रत्येक घरात दोन्ही वेळा 'सांबार, एक वाटी' होतं. इडली मात्र एकाही घरी नाही, डोसा नाही, नुसतंच सांबार. मी म्हटलं, "बाई, हे रुग्ण मद्रासहून आलेत का?"

झालं असं होतं की तिने कागदावर बरोबर लिहिलं होतं: 'वरण, सांबार टाकून'. पण वेळ नव्हता म्हणून टायपिंगचं काम पुण्याकडच्या एका मुलाला पैसे देऊन दिलं. त्याच्या गावी कोथिंबिरीला कोथिंबीर म्हणतात. त्याने यादीत सांबार शोधलं, सापडलं, टिचकी मारली. तेवढ्याने भागलं नाही, 'वरण' वेगळं आणि 'सांबार' वेगळं अशा दोन वाट्या झाल्या. वाटीला तीस ग्रॅम तूरडाळ धरली तर साडेसहा ग्रॅम प्रथिनं होतात, म्हणजे दोन वेळची तेरा. पंचेचाळीस किलोच्या निरोगी माणसाला आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमच्या हिशोबाने दिवसाला साधारण ३७ ग्रॅम लागतात. त्यातला तिसरा हिस्सा चिमूटभर कोथिंबिरीच्या नावावर जमा!

तिला घेऊन मी त्यातल्या एका घरी गेलो. तिथल्या मावशीला विचारलं, तर तिने टोपलीतून हिरवी जुडीच काढून दाखवली. "अवं बाई, सांबार ओयखत नाई का? हाच तं सांबार."

हसण्यावारी नेऊ नका. झारखंडमधल्या रेशन्स चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. हे निकाल २०२३ मध्ये आले. अशा विषयात 'प्रथिनं पुरेशी मिळतात' असं खोटं वाक्य छापून आलं, तर कोणाच्या तरी शिध्यावर गदा येऊ शकते.

यावर माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. वहीच्या शेवटच्या पानावर गावचा शब्द आणि त्याचा अर्थ अशी यादी पहिल्या दिवसापासून ठेवायची. टायपिंग स्वतः करायचं. कंटाळा येतोच, पण हात चालतो तेव्हा डोळ्याला खटकतं. हल्ली पोरं ऑडिओ मशीनच्या तोंडी देतात आणि भाषांतरही तिथूनच घेतात. घ्या. पण निदान पंधरा मिनिटं मूळ आवाज कानाने ऐका, मग सांगा किती सांबार सापडले.

आणि 'काल काय खाल्लं' विचारण्याआधी काल गावात काय होतं ते विचारा. तेरवी असेल तर अख्ख्या गावाने बुंदी खाल्लेली असते. बाजाराचा दिवस आणि त्याच्या आदला दिवस यांत ताटाचा फरक पडतो. सासू शेजारी बसली असेल तर सून दोन पोळ्यांच्या चार सांगेल किंवा चारच्या दोन, पण खरं सांगणार नाही.

'शाया' वाचणारं पोर

वाचनाच्या चाचणीत मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते मोजतात. तपासणारा घड्याळ लावतो, मूल वाचतं, चुकलेल्या शब्दावर रेघ. कागदावर 'शाळा' असतं, वऱ्हाडी पोर 'शाया' म्हणतं. रेघ. 'डोळे'चं 'डोये' होतं. रेघ. 'मला' असतं, पोर 'मले' म्हणतं. पुन्हा रेघ.

अरे बाबा, त्या पोराने शब्द वाचला, त्याचा अर्थ लावला आणि आपल्या घरच्या बोलीत म्हणून दाखवला. नुसती अक्षरं जुळवणाऱ्याच्या तोंडून 'शाया' कसं निघेल? याहून चांगला पुरावा कोणता हवा? उलट पलीकडच्या बाकावरची कोलाम मुलगी 'शाळा' ठणठणीत वाचते, 'ळ' सुद्धा स्पष्ट. ती पहिली येते. तिला गोष्टीतलं काय समजलं विचारा, ती खाली बघते. तिच्या घरी कोलामी बोलतात, ती तेलुगूच्या, गोंडीच्या कुळातली द्राविडी भाषा. तिकडे मेळघाटातल्या कोरकूचं तर कुळच निराळं, मुंडा. आणि आमच्या विद्वानांच्या फॉर्मवर सगळ्यांपुढे 'मातृभाषा: मराठी', कारण शाळा मराठी माध्यमाची!

म्हणून मी दोन खुणा करायला लावतो. वाचनात खरंच चुकलं तर रेघ, बोलीचा उच्चार असेल तर टिंब. टिंबाचे गुण कापायचे नाहीत. नंतर गोष्टीवर दोन प्रश्न, तेही मुलाच्या भाषेत. त्यासाठी पोडावरची एखादी शिकलेली ताई सोबत न्यावी लागते आणि तिला रोजी द्यावी लागते. 'सर, त्याला बजेट नाही' असं सांगणाऱ्याच्या खिशात माझ्यापेक्षा महाग फोन असतो.

गच्चीवरचा वारा

इंजिनिअरिंगची पोरं घाईत सगळ्यांच्या पुढे. एकाने वारा मोजायचा कपवाला पंखा हॉस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पाइपाला बांधला. का? तर तिथे प्लग होता. वारा इमारतीच्या कडेला आपटून वर उसळतो, टाकीमागे भोवरे करतो. त्याने मोजला तो टाकीचा वारा. जागतिक हवामान संघटनेचा साधा दंडक आहे: मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवर आणि अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या दहापट तरी दूर. आठ मीटरची इमारत असेल तर ऐंशी मीटर लांब जा. शेवटी एका काकाजींच्या वावरात खांब रोवला. ते म्हणाले, "गाडा, पन पऱ्हाटीत पाय नका ठेवू."

पण खरी धास्ती मला त्याच्या निष्कर्षाची होती. तीन महिन्यांत तासाची सर्वांत मोठी सरासरी सेकंदाला ९ मीटर निघाली. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात नागपूरला ४४ दिलेत. याने लिहिलं, 'मानक अवाजवी आहे, छपराचे हूक निम्मे केले तरी चालतील.' चालतील? ते ४४ म्हणजे तीन सेकंदांचा झोत, तोही पन्नास वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला. याची सरासरी तासाभराची आणि महिने नोव्हेंबर ते जानेवारी! मे महिन्यात दुपारी चारला आभाळ काळं होऊन जे वावधान सुटतं, ते तासभर टिकत नाही. दोन मिनिटांत टिना शेजारच्या वावरात.

हिशोब करून दाखवला. वाऱ्याचा दाब म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे ४४ ला चौरस मीटरमागे सुमारे ११६० न्यूटन, किलोत ११८. दहा बाय तीन फुटांच्या एका टिनेवर सव्वातीन क्विंटलच्या आसपास, हे पुढचे गुणक लावण्याआधी. आणि हा जोर टिनेला बहुतेक वर उचलतो, सगळ्यात जास्त कडेला आणि कोपऱ्यात. गावातला माणूस टिनेवर जात्याची तळी आणि धोंडे ठेवतो ते उगाच नाही. मात्र एवढ्या झोताला तेही पुरत नाहीत, उलट उडालेला धोंडा कोणाच्या डोक्यात बसतो.

वाऱ्यापासून वीज किती मिळेल ते काढणाऱ्यांसाठी एवढंच: वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते, पण म्हणून सरासरी वेगाचा घन करू नका. वारा अर्धा वेळ २ आणि अर्धा वेळ ६ असेल तर सरासरी ४, घन ६४. पण घनांची सरासरी ११२.

उरलेल्या, पटापट

किलोमीटर, मीटर आणि नॉट एका रकान्यात कोंबू नका. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर.

कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मुलाखती शोधता येत नाहीत. युनिकोड वापरा, हे मी २०१० पासून सांगतोय.

कापूस वेचणीत, मोहाच्या दिवसांत आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात घरी फक्त म्हातारी माणसं सापडतात. मग 'सरासरी वय ६१' निघालं की आश्चर्य करू नका.

संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी ते वाचून दाखवा. त्याच्या बोलीत, इंग्रजाळलेल्या मराठीत नव्हे.

रिकाम्या रकान्यात शून्य लिहू नका. 'विचारलं नाही' आणि 'खाल्लं नाही' यांत एका जेवणाचा फरक असतो.

वजनकाटा सारवलेल्या अंगणात तसाच ठेवू नका, खाली सपाट फळी घ्या. आणि दर दहा माणसांनंतर पाच लिटर पाण्याची भरलेली कॅन ठेवून बघा. माझ्याकडे एक आहे, तिच्यावर मार्करने वजन लिहिलंय. हवी असेल तर घेऊन जा, पण परत आणून द्या, मागची दोन अजून आलेली नाहीत.