पक्षी काढायचाय? मग पिसं सगळ्यात शेवटी

पक्ष्याचं चित्र काढायला बसलं की बहुतेक जण आधी डोळा नाहीतर पिसं रंगवत बसतात आणि पक्षी पेंढा भरलेला दिसायला लागतो. आधी तो बसलाय कसा ते पकडा, बाकी सगळं नंतर.

सामान महागडं नको. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून एक स्केचबुक आणि टूबी पेन्सिल घ्या, बास. सकाळी लवकर पाषाण तलावावर किंवा वेताळ टेकडीवर जाऊन बसा, मोबाईल खिशातच राहू दे, कारण फोटो मिळाला की आपलं बघणं थांबतं. चोचीपासून पाठीवरून शेपटीपर्यंत एकच रेघ, त्यावर डोक्याचा गोल, धडाचा अंडाकार. पक्षी वळला तर शेजारी नवीन स्केच सुरू करा, बरेचदा तो परत तसाच बसतो, मग आधीचं अर्धवट राहिलेलं पुढे न्यायचं.

पायांकडे मात्र नीट लक्ष द्या. पक्ष्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं ना, तो गुडघा नसतोच, घोटा असतो! खरा गुडघा वर पिसांत लपलेला. हे कळलं की पुण्याजवळच्या कवडीपाटच्या शेकाट्याचे ते लांबलचक गुलाबी पाय काढायला खरंच मजा येते, तो एका पायावर उभा असेल तर पाऊल बरोबर शरीराच्या वजनाखाली आणा, नाहीतर चित्रातला पक्षी पडेल. बोटंही बघा, बुलबुलाची तीन पुढे एक मागे, तांबटाची दोन पुढे दोन मागे.

वॉटरकलरसाठी खंड्या मस्त. त्याच्या पांढऱ्या गळ्याला रंग लावायचाच नाही, कागद कोरा सोडायचा, डोळ्यातला चमकता ठिपकाही तसाच. पाठीचा निळा म्हणजे पिसांत निळं रंगद्रव्य नसतं, पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे उजेड तसा दिसतो, म्हणून एकच निळा सपाट फासू नका, पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या.

आता पिसं. पंखाची लांब पिसं तेवढी सुटी काढा, बाकी ठिकाणी नुसती दिशा दाखवा.

आणि जहांगीरच्या दरबारातला चित्रकार उस्ताद मन्सूर याचा सायबेरियन क्रौंच नेटवर झूम करून बघाच. शास्त्रज्ञांनी या पक्ष्याला नाव दिलं १७७३ मध्ये, मन्सूरने त्याच्या चेहऱ्यावरची उघडी कातडी त्याआधी साधारण दीडशे वर्षं इतकी बारकाईने रंगवली होती, केवळ बघून!