मोडचं नंतर, आधी उंची मोजा

खानापूरकडच्या त्या मावशींचं वजन केसपेपरवर 78 किलो होतं. त्या व्हेंटिलेटरवर होत्या. एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्यानं भरतात त्या आजारात, किलोला 6 मिली, हे मला पाठ. मी 468 मिलीचा टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला द्यायची हवा, लावला. बाहेर मुलानं विचारलं, "डॉक्टर, आईचं अंग मोठं, हवाबी जास्त लागंल की वो?" मी होय म्हणालो.

रात्री अडीचला सिस्टरांनी हाक मारली. प्लॅटो प्रेशर, म्हणजे हवा आत जाऊन थांबल्यावरचा फुप्फुसातला दाब, 36. त्यांनी आपल्या पिशवीतली शिंप्याची टेप काढून टाळूपासून टाचेपर्यंत धरली. 150 सेंटीमीटर.

इथंच थांबून नीट वाचा. फुप्फुस उंचीप्रमाणे असतं, माणूस जाड झाला म्हणून ते वाढत नाही. 6 मिली हे उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोला असतात. बायकांसाठी सेंटीमीटरमधल्या उंचीतून 152.4 वजा करा, 0.91 नं गुणा, त्यात 45.5 मिळवा, पुरुषांसाठी 50. मावशींचं आलं 43 किलो, म्हणजे साधारण 260 मिली. मी किलोला जवळपास 11 देत होतो, तेही हवा घेणारा भाग आधीच थोडा उरलेल्या फुप्फुसाला. 2000 सालच्या अमेरिकेतल्या 861 पेशंटांच्या चाचणीत 12 मिलीच्या गटात जवळपास 40 टक्के दगावले, 6 च्या गटात 31. मी कुठल्या टोकाला होतो ते बघा.

व्हॉल्यूम उतरवला की कार्बन डायऑक्साइड चढतो. घाबरू नका. श्वासांचा रेट वाढवा; मेंदूवर दाब नसेल तर रक्ताचा पीएच 7.25 च्या आसपास चालतो. प्लॅटो 30 च्या आत हवा.

राहिला मोड, म्हणजे मशीननं श्वास द्यायची पद्धत. व्हॉल्यूम कंट्रोल (हवा ठरवून द्यायची) की प्रेशर कंट्रोल (दाब ठरवून द्यायचा), यात पेशंट वाचण्याच्या बाबतीत ठोस फरक दिसलेला नाही. तुमच्या युनिटच्या सिस्टरांच्या हाताला जो बसलाय तो लावा. प्रेशरवर असाल तर दर तासाला व्हॉल्यूम बघा, फुप्फुस मऊ पडलं की तो गुपचूप वाढतो. एपीआरव्ही, म्हणजे दाब बराच वेळ चढा ठेवून मध्येच क्षणभर सोडणारा मोड, जाणकार शेजारी नसताना लावू नका. ऑसिलेटरचं, म्हणजे अगदी छोटे श्वास अतिवेगानं देणाऱ्या मशीनचं, नावच काढू नका. 2013 च्या एका मोठ्या चाचणीत त्यावर जास्त पेशंट गेले.

पालथं झोपवणं मात्र टाळू नका. सगळं नीट लावूनही पीएफ रेशो (रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा) 150 च्या खाली असेल तर सलग 16 तास. फ्रान्समधल्या अभ्यासात 28 दिवसांतले मृत्यू 33 टक्क्यांवरून 16 वर आले. पाच माणसं लागतात आणि श्वासनळीतली ट्यूब धरणारा डोक्याशीच हवा. पहिल्या वेळी हात कापतात, तिसऱ्या वेळी नाही.

व्हॉट्सॲपवरचे सेटिंगचे तक्ते मी मोबाइलमधून काढून टाकले. जे सर फोनवर उंची न विचारता आकडा सांगतात, त्यांना तुम्हीच उंची सांगा, वाईट वाटलं तरी.

मावशी अकराव्या दिवशी ट्यूबमधून सुटल्या.

नातेवाइकांना उंची विचारू नका. मराठी असोत की कन्नड, शेजारी उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बोट दाखवतात. गुडघे आखडलेले असतील तर टाळू ते कंबर, कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच असं तुकड्यानं मोजा आणि आकडा व्हेंटिलेटरवर पट्टी चिकटवून लिहा.