स्पीकर लाखांचे, गायिका बेपत्ता: या चुका टाळा

साउंडस्टेज हवा म्हणून आधी केबल बदलणाऱ्यांवर चिडणं मी आता सोडून दिलंय. साउंडस्टेज म्हणजे आवाजाने मनात उभा राहणारा मंच: दोन स्पीकरच्या मधे, जिथे प्रत्यक्षात काहीच नसतं, तिथे गायिका बसलेली ऐकू यायला हवी. तिच्या बाजूला, जरा मागे तबला. ही जागा आपले कान ठरवतात, डाव्या-उजव्या आवाजाच्या वेळेतल्या आणि जोरातल्या बारीकशा फरकावरून. तो फरक बिघडतो तो बहुधा तुमच्या हॉलमध्येच.

सर्वांत जास्त सापडणारी चूक म्हणजे एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडणं. कोथरूडच्या एका स्नेह्यांनी लाखांतले फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेतले, वर महागडी केबल. मला बोलावलं ते दुरुस्तीला नव्हे, कौतुकाला. "ऐका, आवाज भिंतींच्या बाहेरून येतो!" येत होता खरा. पण गायिकेचा आवाज खोलीभर सांडलेला, ती नेमकी कुठे आहे ते सांगता येईना, आणि एवढाले वूफर असून बेस नाही. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आमचा जुना टेपच बरा होता." त्यांचंच निदान बरोबर होतं. केबलच्या दोन्ही तारांचं आवरण सारखं, फक्त एकीवर बारीक रेघ. प्लग बसवणाऱ्याने एका टोकाला ती बघितलीच नव्हती. एक वूफर पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. अ‍ॅम्प बंद करून एकाच स्पीकरचे प्लग पालटले. गायिका मध्यभागी आली, बेस परतला. स्नेही मात्र हिरमुसले: "स्टेज लहान झाला हो." पसरट आवाजाला भव्य म्हणायची सवय एकदा लागली की सुटायला वेळ लागतो.

तपासायला १९५०च्या दशकातलं एखादं हिंदी किंवा मराठी गाणं लावा. ते मोनो असतं, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज (नंतर स्टिरिओ केलेली आवृत्ती नको). मधोमध बसून ऐकलं की सगळा आवाज दोन्ही स्पीकरच्या मधे एका ठिकाणी गोळा झाला पाहिजे. मी पिशवीत दीड व्होल्टचा सेलही ठेवतो. तारा अ‍ॅम्पवरून काढायच्या आणि सेलची धन बाजू लाल तारेला, ऋण बाजू काळीला क्षणभर टेकवायची. जोडणी सरळ असेल तर वूफर सहसा बाहेरच्या बाजूला हलतो. दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले की झालं.

दुसरी चूक स्पीकर नजरेच्या अंदाजाने ठेवण्याची. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. एक स्पीकर तुमच्यापासून दुसऱ्यापेक्षा तेवढा जास्त लांब असला तर गायिका जवळच्या स्पीकरमध्येच जाऊन बसते. १० सेंटीमीटरही तिला बाजूला ओढायला पुरतात. ट्विटरपासून (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) डोक्याच्या जागेपर्यंत टेपने मोजा, दोन्हीकडे सेंटीमीटरभरात जमवा, मग फरशीवर मास्किंग टेपच्या खुणा करा. फरशी पुसताना स्टँड सरकतात आणि घरात कुणीच कबूल करत नाही.

एका बाजूला बाल्कनीची काच आणि दुसरीकडे मोकळा पॅसेज असेल तर चित्र काचेकडे झुकतं. पडदा ओढा, तोही जाड. कुठे टांगायचा? तुम्ही सोफ्यावर बसा, कुणीतरी भिंतीलगत आरसा सरकवू दे. ट्विटर दिसला ती जागा.

शोकेसच्या कप्प्यात कोंबलेल्या स्पीकरमधून आवाजाचं पुढे-मागेपण मागू नका. ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला हवा. टीव्ही मधे असेल तर स्पीकर त्याच्या पुढे आणा. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर फूट-दोन फूट ओढा; घरचे ऐकत नसतील तर निदान मागे पुस्तकांचं कपाट तरी ठेवा.

राहिलं टो-इन. स्पीकर आतल्या बाजूला किती वळवायचे याचा आकडा विचारू नका. सरळ ठेवून सुरुवात करा, थोडे वळवा, गाणं पूर्ण ऐका, मग पुन्हा थोडे. अर्ध्या कडव्यात निकाल देणाऱ्यांनी साउंडबार घ्यावा. फार आत वळवलेत तर मधला आवाज टोकदार होतो, पण रुंदी आक्रसते.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये स्टेज नसतोच. अ‍ॅलन ब्लमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन माइकची त्याची पद्धत आजही वापरतात. तसं एखादं मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळवा आणि स्पीकर त्यावर लावा. स्टुडिओत एकेक वाद्य वेगळं घेऊन नॉबने डावं-उजवं केलेल्या गाण्यावर खोलीची परीक्षा करू नका.